पालकाचे सहा वाफे

"हात धुऊन बस. भाकरी गरम हाय."

मी दारातच थांबले. खांद्यावरची पिशवी उतरवायचंही सुचलं नाही. आई ओट्यापाशी उभी होती. एका हातानं तिनं ओट्याची कड धरली होती आणि दुसऱ्या हातानं ती तव्यावरची भाकरी फिरवत होती. पीठ कपाळाला लागलं होतं.

"तू कशाला करत बसलीस?" मी म्हणाले. "मी आले असते ना."

"बसले कुठं, उभी हाय मी," आई म्हणाली. "बस आता."

मी बसले. तिनं ताट पुढं सरकवलं. भाकरी, ताकातली पालकाची पातळ भाजी, तीत हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, वरून लसणाची खरपूस फोडणी. बाजूला कांदा फोडून ठेवलेला. मी पहिला घास घेतला आणि ताटाकडंच बघत राहिले. अकरा वर्षांत मी बाहेरून येऊन आयत्या ताटावर बसले नव्हते.

"मीठ कमी पडलं का?" आईनं विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

ही गोष्ट खूप वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि पाटबंधारे खात्याच्या कचेरीत टंकलेखक होते. वडील पाटकरी होते. कालव्यावरून शेताकडं जाणाऱ्या चाऱ्यांना पाणी सोडायचं त्यांचं काम. ते गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपेवर मला नोकरी लागली, आणि कालव्याच्या कडेला वसाहतीतली दोन खोल्यांची जागा आमच्याकडं राहिली. घरात आम्ही दोघीच. आईला लहानपणी सांधे धरले होते, त्या दुखण्यानं तिच्या काळजाची झडप खराब झाली होती. वडील गेले तेव्हाच तिला चार पावलांवर धाप लागायची. पुढं पुढं तर ती खाटेवर बसून उशीला टेकूनच झोपायची. मी सकाळी स्वयंपाक करून, तिला न्हाऊ घालून कचेरीत जायची. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला वाढायची. संध्याकाळी आले की पुन्हा चूल, धुणं, भांडी. दोन-तीन स्थळं आली होती. आईचं काय करायचं, या प्रश्नावर ती थांबली. पुढं यायचीच थांबली.

त्या वर्षीच्या मे महिन्यात पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिची झडप बदलली. दिवाळीपर्यंत आई अंगणातून चालत कालव्यापर्यंत जाऊ लागली. बिनधापेची. मला सवय नव्हती. ती चालायला लागली की मी श्वास रोखून मागून बघत राहायची.

आमच्या खोल्यांच्या मागं कालव्याचा पाझर उतरायचा. जमीन बारा महिने ओली. तिथं गवत माजलेलं असायचं. आईनं एका दुपारी मी कचेरीत असताना ते गवत खुरप्यानं काढलं आणि दोन वाफे केले. पालकाचं बी एक दिवस भिजत घालून तिनं ते ओळीनं टाकलं. माळ्याच्या घरातली ती लेक. पण तिनं कधी हातात खुरपं धरल्याचं मला आठवत नव्हतं.

"डॉक्टरनं जड काम करू नको सांगितलंय," मी ओरडले.

"पालक जड असतोय व्हय?" आई म्हणाली.

महिन्याभरात पालक हाताएवढा झाला. पाझराचं पाणी, थंडी, वर्षानुवर्षं पडीक राहिलेली माती. पानं अशी रुंद आणि काळसर हिरवी, की वसाहतीतल्या बायका बघायला यायच्या. जमिनीपासून दोन बोटं सोडून कापला की पंधरा दिवसांत पुन्हा तेवढाच. दोनाचे चार वाफे झाले, चाराचे सहा.

मग रोज पालक. भाकरीच्या पिठात पालक, वरणात पालक, डाळ घोटून गोळा भाजी, थालीपीठ, रविवारी भजी. आई सकाळी कापायची आणि परातीत आणून ठेवायची. धुवायचं काम मात्र माझ्याकडं, कारण बादली उचलणं तिला खरंच मना होतं. पालकाला माती फार. तीन पाण्यांत खळबळल्याशिवाय दाताखाली कचकच लागते. डिसेंबरच्या थंडीत सहा वाजता मी मोरीत उकिडवी बसून पानं धूत असायची. बोटं बधिर व्हायची. कचेरीत रब्बीच्या पाण्याचे अर्ज आलेले असायचे, त्यांच्या याद्या टंकायच्या. तिथं बोटं चालायची नाहीत आणि चुका व्हायच्या. साहेब कागद परत पाठवायचे. मी पुन्हा टंकायची. त्या हिवाळ्यात मी कुठंही बसले तरी मला डुलकी लागायची.

पण संध्याकाळी घरी आले की ताट तयार.

उरलेला पालक आई वाटायची. शेजारी अत्तारभाभी राहायच्या. त्यांचे यजमान कालवा निरीक्षक होते. भाभी सातवीपर्यंत शिकलेल्या, वसाहतीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायच्या. त्यांच्याकडं रोज एक जुडी जायची. कचेरीतल्या शिपायाला, साहेबांच्या घरी, कालव्यावर धुणं धुवायला येणाऱ्या बायकांना. "हौसाबाईंचा पालक," असं लोक म्हणायला लागले. आजवर ती 'शकूची आजारी आई' होती. आता मी हौसाबाईंची मुलगी झाले.

एका संध्याकाळी भाभी आमच्याकडं बसल्या होत्या. मी नुकतीच जेवून ताटावरून उठले होते.

"आपा," भाभी आईला म्हणाल्या, "माझ्या मावसभावाला पण तुमच्यासारखीच गोळी आहे. रक्त पातळ ठेवायची. त्याला म्हणे पथ्य आहे काहीतरी. काय ते त्याच्या बायकोला धड सांगता येईना. तुम्हाला दिलंय का काही पथ्य?"

"मीठ कमी," आई म्हणाली. "आणि वझं उचलायचं न्हाई. आणखी काय गं, शकू? तो दवाखान्याचा कागद हाय न्हवं? आण बघू."

कागद ट्रंकेत होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला. घरी जाताना घ्यायची काळजी, असं वर छापलेलं आणि खाली क्रमांक घालून सूचना. दवाखान्यातून निघताना नर्सनं तो माझ्या हातात दिला होता. तेव्हा गाडी खाली उभी होती, मी आठ दिवस नीट झोपले नव्हते, आणि मी तो न वाचताच घडी घालून ठेवला होता.

मी दिव्याखाली बसून वाचायला लागले. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी. विसरल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दर महिन्याला रक्त तपासावं. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावं. जखम झाल्यास, रक्त थांबत नसल्यास ताबडतोब यावं. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये. जड उचलू नये.

"एवढंच?" आईनं विचारलं.

"एवढंच."

"मग झालं," आई भाभींना म्हणाली. "तुमच्या भावाची गोळी येगळी असंल."

भाभी पालकाची जुडी घेऊन घरी गेल्या.

रक्त तपासायला साताऱ्याला जावं लागायचं. एसटीनं जायचं, रांगेत बसायचं, दुपारी कागद घ्यायचा, परत यायचं. म्हणजे माझी एक रजा. नोव्हेंबरपर्यंत आम्ही दर महिन्याला गेलो. डिसेंबरात कचेरीत कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनाची गडबड होती आणि साहेबांनी रजा नाकारली. जानेवारीत साहेबांनी नाकारली नव्हती. मी मागितलीच नाही. आईची तब्येत चांगली होती. तिच्या गालावर तजेला आला होता. मला ती एक रजा झोपायला हवी होती, आणि ती मी घेतली. दिवसभर झोपले. आईनं मला उठवलं ते जेवायलाच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी मोरीत पालक धूत होते. आतून काहीतरी जळाल्याचा वास आला.

"आई, थालीपीठ बघ गं," मी म्हणाले.

वास वाढतच गेला. मी आत गेले. आई ओट्यापाशी उभीच होती. तव्यावरून धूर निघत होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. उजव्या हातातलं उलथणं खाली पडलं होतं.

"आई?"

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती काहीतरी बोलली. आवाज तिचाच होता, पण त्यात शब्द नव्हता. तिनं पुन्हा तेच केलं, आणि मग तिच्या डोळ्यांत अशी भीती आली की मी ती आधी कधी बघितली नव्हती. ऑपरेशनला आत नेतानाही नाही. मग उजवा पाय मुडपला. मी तिला धरलं आणि दोघी खाली बसलो.

मी भाभींना हाका मारल्या. खात्याची जीप कालव्यावर निघाली होती, ती भाभींच्या यजमानांनी वळवून आणली. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाभी पुढं बसून सारखं मागं वळून विचारत होत्या, "श्वास आहे ना?"

श्वास होता. रक्ताची गुठळी नव्या झडपेवर तयार होऊन मेंदूत गेली होती. पहिले चार दिवस डॉक्टर काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आईनं डोळे उघडून माझ्याकडं ओळखीनं बघितलं. उजवा हात हलत नव्हता. वाचा नव्हती. ऐकू सगळं येत होतं.

सहाव्या दिवशी डॉक्टर खाटेशी येऊन उभे राहिले. तरुण होते, आवाज मऊ होता. मी उशाशी होते. भाभी डबा घेऊन आल्या होत्या.

"गोळी चुकली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकही दिवस नाही."

"रक्त शेवटचं कधी तपासलं?"

"नोव्हेंबरात."

त्यांनी मान हलवली. "रक्त फारच घट्ट निघालं. जवळजवळ गोळी न घेतल्यासारखं. खाण्यात काही बदल? पालेभाज्या वाढल्या का?"

भाभीच म्हणाल्या, "पालक. रोज दोन्ही वेळा. घरचाच आहे, त्यांनीच लावलाय. का हो, त्यानं काय होतं?"

"या गोळीचा जोर पालकानं कमी होतो," डॉक्टर म्हणाले. "थोडा, नेहमीइतका खाल्ला तर चालतो. एकदम वाढवला तर नाही. आणि वाढवला तर रक्त तपासून गोळी वाढवावी लागते. ऑपरेशननंतर कागद देतात, त्यावर लिहिलेलं असतं हे."

"आमच्या कागदावर नव्हतं," भाभी ठामपणे म्हणाल्या. "हिनं वाचून दाखवला ना. मी समोर बसले होते. काय गं शकू, होतं का असलं काही?"

कागद माझ्या पिशवीत होता. पुण्याचे सगळे कागद आणा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तोही आला होता. मी तो काढून डॉक्टरांना दिला. दुसरं काय करणार होते? त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि सहाव्या सूचनेवर थांबवलं.

"हे बघा. पालक, मेथी, कोबी यांसारख्या भाज्यांचं प्रमाण वाढवू नये. बदल झाल्यास डॉक्टरांना कळवावं." त्यांनी कागद भाभींपुढं धरला. "वाचताना नजरेतून सुटलं असेल. होतं असं."

भाभींनी कागद घेतला आणि स्वतः वाचला. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं.

आई आम्हा तिघांकडं बघत होती.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. भाभींनी डबा स्टुलावर ठेवला, कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि बाहेर निघून गेल्या.

नजरेतून सुटलं नव्हतं. त्या संध्याकाळी दिव्याखाली मी ती ओळ वाचली होती. मनात वाचली, आणि तोंडानं त्याच्या पुढची वाचली. ठरवून केलं असंही नाही. पाच नंतर सात आलं, एवढंच. मी जेवून उठले होते. ताट अजून तिथंच पडलं होतं. ती ओळ मोठ्यानं वाचली असती तर भाभी उद्यापासून जुडी न्यायच्या थांबल्या असत्या, मागचे वाफे उपटावे लागले असते, आणि आई पुन्हा खाटेवर बसून दिवसभर माझ्या वाटेकडं डोळे लावून राहिली असती. आणि मी संध्याकाळी येऊन पुन्हा चूल पेटवली असती. ते माझ्यानं होणार नव्हतं. आणखी थोडे दिवस, मग सांगू, असं मी मनात म्हणाले. संक्रांत झाल्यावर सांगू. संक्रांत आली, आईनं बायकांना तिळगुळाबरोबर पालकाच्या जुड्या दिल्या. मग म्हटलं, आता थंडी संपली की पालक आपोआपच संपेल.

आई घरी आली तेव्हा मार्च लागला होता. वाफ्यांत पालक गुडघ्यापर्यंत वाढून तुऱ्याला आला होता. मी चार संध्याकाळ घालवून तो मुळासकट उपटला. भाभींच्या शेळ्यांपुढं टाकला. भाभी दारात उभ्या होत्या. "ठेव तिथं," एवढंच म्हणाल्या.

आईला बसवायचं, भरवायचं, हाताला तेल लावून बोटं एकेक करून उघडायची. तिची वाचा तुकड्यांनी परत येत होती. आधी "पाणी". मग "नको". मग माझं नाव. पण माझ्याशी ती फारसं बोलत नव्हती. बोलता येत नाही म्हणून गप्प आहे की बोलायचं नाही म्हणून, हे मला कळत नव्हतं. भाभी आल्या की मात्र ती प्रयत्न करायची, हे मी आतल्या खोलीतून ऐकायची.

एका दुपारी मी तिचा हात चोळत होते. तिनं तो काढून घेतला. डाव्या हातानं उचलून काढून घेतला.

"वाचलं... व्हतंस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग?"

मी कारणं जुळवत बसले नाही. तेवढंही बळ नव्हतं. "तू जेवण करून ठेवायचीस," मी म्हणाले. "मला वाटलं, ते बंद होईल."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठणार तेवढ्यात तिनं बोलायला सुरुवात केली. एकेक शब्द वर ओढून काढल्यासारखा.

"खाल्ला... बी असता... मी." मग दम घेऊन, "मला... ग्वाड... लागत व्हता." मग पुन्हा थांबून तिनं डावं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. ऑपरेशनचा व्रण होता तिथं. "पर ह्ये... माजं हाय. मला... इचारायचं. मी... ठरवलं असतं."

"चुकलं माझं, आई."

ती हो म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. "हात... चोळ," म्हणाली आणि हात पुढं केला.

त्यानंतर आई सात वर्षं होती. काठी घेऊन चालायला लागली. डाव्या हातानं जेवायला शिकली, गप्पा मारायला लागली, भाभींच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवात खुर्ची टाकून बसली. स्वयंपाक ती पुन्हा करू शकली नाही. माझ्यावर कधी चिडली नाही. मला ताप आला तर डाव्या हातानं कपाळ चेपायची. वसाहतीत कुणालाही तिनं त्या कागदाचं सांगितलं नाही, आणि भाभींनीही नाही.

फक्त घरात दवाखान्याचा काही कागद आला की ती तो मला वाचायला सांगायची, पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग भाभींना हाक मारायची. भाभी चष्मा लावून तोच कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचायच्या. मी तिथंच बसलेली असायची. पहिल्या वेळी माझे कान तापले. मग सवय झाली. रक्ताचा रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, डोळ्याच्या शिबिराचं पत्रक, सगळं दोनदा. माझ्या वाचण्यात आणि भाभींच्या वाचण्यात सात वर्षांत एका अक्षराचा फरक पडला नाही.

शेवटच्या वर्षी भाभी मुलीकडं कोल्हापूरला गेल्या होत्या, तेव्हा दवाखान्यातून नवी चिठ्ठी मिळाली. एक गोळी बदलली होती. मी आईच्या खाटेवर बसून ती वाचली. सावकाश, प्रत्येक आकडा, खालची बारीक ओळसुद्धा. वाचून झाल्यावर मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि डाव्या हातानं उशीखाली सारली.

"भाभी गुरुवारी येत्यात," ती म्हणाली. "तवर जुनीच घेते."